जेफ्रीरावांचा श्रावण

लीड्स,
१२ जुलै २००८

यतीन,

हे पत्र मी तुला जेफ्रीरावांच्या वतीने लिहितेय, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यापुरतं म्हणशील तर अडीच वर्षं तुझ्याशी न बोलता माझं काही अडलेलं नाही. फोन करता आला असता, नंबर तनिषाकडे आहे. पण फोनवर मी एकतर भांडते नाहीतर रडते, आणि दोन्हीत मुद्दा राहून जातो.

मुद्दा असा की तुझा साप जेवत नाहीये.

तुझा म्हणायची सवय मोडली होती, आज मुद्दाम म्हणतेय. मँचेस्टरची नोकरी धरलीस तेव्हा "ताई, नव्या फ्लॅटचा मालक प्राणी ठेवू देत नाही, दोन महिने सांभाळ" असं म्हणून गेलास. त्या दोन महिन्यांना तीन वर्षं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. तू तुझं बिऱ्हाड पाठीवर घेतलंस आणि सापाचं माझ्या पाठीवर दिलंस.

तक्रार नाही. तुझ्या खोलीच्या दाराशी उभी राहून "झाकण लावलंय ना?" असं ओरडणारी मी, आता दर रविवारी फ्रीझरमधला उंदीर काढते, कोमट पाण्यात ठेवते, चिमट्यात धरून त्यांच्यासमोर नेते आणि "घ्या" म्हणते. संजय म्हणतो, मला वाढताना तू कधी इतका आग्रह केला नाहीस.

तर जूनच्या मध्यापासून त्यांनी उंदराला तोंड लावलेलं नाही. मी आधी मनावर घेतलं नाही. का घेतलं नाही ते फक्त तुलाच कळेल, इथे दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

बाबा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई इथे आली होती, आठवतं? आपण दोघं आठवडाभर चर्चा करत होतो की तिला साप दाखवायचा कसा. दाखवला तर तिने हात जोडले आणि नाव विचारलं. तू म्हणालास, माझा मित्र ब्रायन न्यूझीलंडला जाताना देऊन गेला, त्याने जेफ्री ठेवलंय. तर म्हणे, "जेफ्रीराव म्हणा. घरातला वडीलधारा वाटतो." मग श्रावण लागला आणि तिने फर्मान काढलं, श्रावणात या घरात मांसमच्छी शिजणार नाही आणि कुणी खाणारही नाही. तू म्हणालास, आई, तो साप आहे. ती म्हणाली, "मग त्याला तर जास्त कळायला हवं." महिनाभर जेफ्रीरावांनी काही खाल्लं नाही आणि त्यांचं काहीही बिघडलं नाही. साप दोन-दोन महिने न खाता राहतात हे तू तिला समजावत बसलास आणि तिने साताऱ्याला सगळ्यांना फोन करून सांगितलं की लीड्सचा साप श्रावण पाळतो.

तेव्हापासून मी ती चाल चालूच ठेवली आहे. म्हणून या वर्षी त्यांनी ज्येष्ठातच तोंड बंद केलं तेव्हा मला वाटलं, वय झालं की माणसाची देवाधर्माकडे ओढ वाढते, तसंच काही असेल. आता मात्र पाठीचा कणा वरून दिसायला लागलाय.

काय करायचं ते कळव. इथे बाकी सगळे बरे आहेत.

देवयानी


लीड्स,
२६ जुलै २००८

चि. यतीन,

तुझं उत्तर पोचलं. म्हणजे तनिषाच्या मोबाइलवर पोचलं. "कोमट पाण्यात बसव, मग व्हेटकडे ने." एवढंच. खाली 'यतीनमामा' हेही तिच्यासाठीच. मँचेस्टर इथून ट्रेनने तासाभरावर आहे. तिथून मोबाइलवर दोन ओळी पाठवायच्या म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार झाला. पण हाकल्यास हे बरं केलंस.

भांडी घासायच्या टबात कोमट पाणी घेऊन त्यांना बसवलं. त्यांनी माझ्या मनगटाला वेटोळं घातलं, बांगड्यांच्या वर, आणि हनुवटी माझ्या अंगठ्यावर ठेवून पडून राहिले. सापाला हनुवटी असते का, माहीत नाही. मला तरी ती लागली. तनिषा शेजारी बसून पाण्यात बोट घालून तापमान बघत होती. ती आता चौदा वर्षांची झाली. तू पाहिलीस तेव्हा दोन शेंड्या घालायची, आता डोळ्यांत काजळ इतकं की मी म्हणते रांगोळीला शिल्लक ठेव.

"आई, ही रिअली एन्जॉय करते," म्हणाली.

"हे एन्जॉय करतात," मी म्हटलं.

"व्हॉटेव्हर. तो हॅपी आहे."

व्हेट तरुण मुलगी आहे, सापसरड्यांचीच डॉक्टर. तिने त्यांना हातात घेतलं, पोट चाचपलं आणि फार हळू बोलायला लागली. इतकी वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढल्यावर मला कळतं की डॉक्टर हळू बोलायला लागला की ऐकण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. किडन्या गेल्यात म्हणाली. वय झालंय. दुखत फारसं नसावं, घरी न्या, उबेत ठेवा, शांतपणे जाऊ द्या. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, त्याने फार फरक पडला नसता. 'फार' या शब्दावर मी घरी येईपर्यंत अडकून बसले. इतके दिवस का थांबलात, असं तिने विचारलं तेव्हा आम्ही सुट्टीवर होतो असं ठोकून दिलं. सापाने श्रावण लवकर धरला असं वाटलं, हे इंग्रजीत कसं सांगू?

आता पुढचं नीट वाच. त्यांना भेटायचं असेल तर लवकर ये. पुढचे दोन्ही रविवार माझी ड्यूटी आहे, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. संजय घरी असतो. त्याला तुझी आठवण येते, असं तो म्हणतो. क्रिकेट बघायला सोबत नाही, हे त्यातलं खरं दुखणं.

ताई


लीड्स,
६ ऑगस्ट २००८, नागपंचमी

यतीन,

जेफ्रीराव आज सकाळी गेले.

तू आला नाहीस, त्याबद्दल आज बोलणार नाही.

काल माझा उपवास होता. भावाचा. तुला वाटत असेल की बोलणं थांबवलं तेव्हा उपवासही थांबवला असेल. नाही थांबवला. पहिल्या वर्षी संजयने चिडवलं होतं, ज्याचं नाव घेत नाहीस त्याच्यासाठी उपाशी कशाला राहतेस? अबोला तुझ्याशी होता, यतीन, तुझ्या आयुष्याशी नव्हता.

सकाळी अंघोळ करून पाटावर गंधाने नाग काढला, आई काढायची तसाच, शेपटीला दोन वळसे घालून. लाह्या आणि दूध ठेवलं. मग दरवर्षीप्रमाणे हळदीकुंकवाचं तबक घेऊन वर गेले. दरवर्षी मी काचेबाहेरूनच ओवाळते आणि ते जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघतात. आई म्हणायची, नाग हा बाईचा भाऊ, ज्या बाईला माहेर नाही तिचं माहेर तो करतो. ही गोष्ट तिच्या मांडीवर आपण दोघांनी ऐकली आहे. तू दर वेळी विचारायचास, मग मी कोण?

आज त्यांनी जीभ काढली नाही. मी तबक खाली ठेवलं. मग झाकण काढून हात घातला. खालच्या उबेच्या गादीमुळे अंग अजून गरम होतं, त्यामुळे मला क्षणभर वाटलं की झोपलेत.

मी रडले. सापासाठी इतकं रडू येईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं. सकाळी उठल्यावर पहिलं बोलणं मी तीन वर्षं त्यांच्याशी करत होते. लॅबमधलं, तनिषाचं, संजयचं घोरणं, सगळं. त्यांनी कधी मधेच सल्ला दिला नाही.

तनिषा शाळेला सुट्टी म्हणून उशिरा उठली. दारात उभी राहून म्हणाली, "जेफ्रीराव गेली?" एरवी मी तिला लगेच दुरुस्त करते. आज जवळ घेतलं.

दुपारी शेजारचे डेनिस आले. भिंतीवरून बोलताना तनिषाने त्यांना सांगितलं असावं. बिचारे फावडं घेऊनच आले. "बागेत कुठे हवं ते दाखव, लव्ह. दहा मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, आज नाही. ते म्हणाले, उद्यापासून पाऊस सांगितलाय. मी म्हटलं, आज आमच्याकडे जमीन खणत नाहीत. का, तर जमिनीखालच्या सापांना लागू नये म्हणून. डेनिसनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या जेफ्रीरावांच्या डब्याकडे पाहिलं आणि टोपी काढून म्हणाले, "मग तर बरोबरच आहे." फावडं आमच्याच शेडमध्ये ठेवून गेले.

आज विळी नाही, तवा नाही. दिंडं उकडली. संजयने दोन खाल्ली, मी आणि तनिषाने एकच वाटून घेतलं. जेफ्रीरावांना आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवलंय. जागा त्यांची ओळखीची आहे, त्यांचं जेवण तिथेच असायचं.

ताई


लीड्स,
१० ऑगस्ट २००८

चि. यतीन,

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं आमच्या खड्ड्याचं झालंय. गुरुवारी माझी ड्यूटी. शुक्रवारी पाऊस. काल तर पाहुणे होते, हॅरोहून संजयची मामेबहीण अलका आणि तिचे यजमान आले होते. जेवणं झाल्यावर संजय मोठ्या उत्साहाने फ्रीझरमधून आइस्क्रीमचा डबा घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. झाकणावर व्हॅनिला लिहिलंय ना. मी स्वयंपाकघरातून अशी किंचाळले की अलकाला वाटलं मला भाजलं. डबा परत आत गेला. "आमच्याकडे आइस्क्रीम नाही," एवढंच मी सांगितलं. अलका आता सगळ्या हॅरोत सांगत असणार की देवयानी पाहुण्यांच्या तोंडचा घास काढून घेते.

तनिषा रात्री म्हणाली, "आई, तो मटारच्या नेक्स्ट टू आहे. इट्स नॉट ओके. आपण का वेट करतो?"

"पाऊस आहे," मी म्हटलं.

"आज सनी होता."

मग म्हणाली, "यतीनमामासाठी वेट करतेस ना? मग त्याला सांग ना."

तर सांगते. चौदा वर्षांच्या पोरीपुढे किती दिवस पावसावर ढकलणार?

आई गेली तेव्हा मी साताऱ्याला पोचले, तर अंगण सारवून झालं होतं. दिल्लीला धुक्यात माझं विमान अडकलं, एक रात्र आणि एक सकाळ. तू सरळ मुंबईला उतरलास. मी दिल्लीहून तुला फोन केला होता, येतेय म्हणून. तू "हो ताई" म्हणाला होतास. आणि मी आले तेव्हा तू मुंडण केलेल्या डोक्याने ओसरीवर बसला होतास. सगळे मला सांगत होते, किती वेळ ठेवणार, सूर्य मावळायच्या आत उरकायला हवं होतं. कमलाकरकाका म्हणाले, मुलगा आला होता, मग झालं. मुलगा आला होता. मी कोण होते तिथे? तू तेव्हा मान वर करून एक शब्द बोलला नाहीस. मला राग कसला आला असेल तर त्याचा. नंतर तू फोन केलास तेव्हा मी रिसीव्हर संजयकडे दिला, कारण मला तो एक शब्द हवा होता आणि तू हवापाण्याचं बोलत होतास.

एक गोष्ट तुला दाखवलीच नाही. आईचं कपाट आवरताना एका खणात गुंडाळलेली जेफ्रीरावांची कात मिळाली, डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. इथून जाताना कुणालाही न सांगता घेऊन गेली होती. ती मी परत आणली. माझ्या साड्यांच्या कपाटात आहे. आपल्या दोघांच्या घरातलं तिला काय न्यावंसं वाटलं, तर ते.

एकदा माझ्या माणसाचा निरोप माझ्यावाचून झाला. जेफ्रीराव तुझे होते. त्यांचा निरोप तुझ्यावाचून व्हावा असं मला वाटत नाही. म्हणून खड्डा खणला नाही. बस, एवढंच कारण आहे.

शनिवारी ये. माझी ड्यूटी आहे, घरी यायला मला पाच वाजतील. तुला लवकर परतायचं असेल तर संजयला बरोबर घे आणि उरकून टाक. गुलाबाच्या मागची जमीन मऊ आहे. माझ्यासाठी थांबायची गरज नाही.

ताई


लीड्स,
१७ ऑगस्ट २००८

यत्या,

काल तू ट्रेनमध्ये बसल्यापासून हे पत्र डोक्यात चालू आहे. समोर बसून चार तास गप्पा मारल्यावर पत्र कशाला, असं म्हणशील. पण जे म्हणायचं होतं ते सोडून मी तुला तुझ्या केसांवरून बोलत बसले. टक्कल पडतंय, तेल लाव, हे अजूनही खरं आहे.

दारात तुझे बूट दिसले. मी आत येता येता मनाशी म्हटलं, आला, चला, पोराने निरोप तरी घेतला. संजयला विचारलं, झालं का सगळं? तो वैतागलेला होता. म्हणाला, "साडेबाराला आला. एक वाजता खड्डा खणून मोकळा. मी म्हटलं, आभाळ आलंय, उरकू या, तिनेच लिहिलंय थांबू नका म्हणून. तर म्हणतो, नाही दाजी, थांबायचं. जेवायलाही आत यायला तयार नाही. डेनिसनी चहा नेऊन दिला त्याला."

मी कोट न काढता स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. पाऊस पडत होता. तू खड्ड्याच्या कडेला डेनिसच्या उलट्या बादलीवर बसला होतास, डबा मांडीवर, आणि छत्री डब्यावर धरलेली. स्वतः भिजत होतास. शेजारी तनिषा मोठी छत्री घेऊन उभी होती, तीही तुझ्या डोक्यावर नाही, खड्ड्यावर. पाणी भरू नये म्हणून, असं तिने नंतर सांगितलं. मूर्ख मामा आणि त्याची मूर्ख भाची.

मी तिथे खिडकीशी पुष्कळ वेळ उभी होते हे तुम्हाला कळलं नाही. मला तुला तसं बघायचं होतं, थांबलेलं.

मग मी बाहेर आले तेव्हा तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "तेव्हा मला काकांना थांबा म्हणता आलं नाही, ताई." मी तुला काहीच उत्तर दिलं नाही, डबा हातात घेतला आणि झाकण काढलं. ते उत्तर आज देते. तेव्हा तू एकटा होतास, चहूकडून वडीलधारी माणसं, आई ओसरीवर. तुझं वय काय होतं! मला ते सगळं कळायचं, पण कळून राग जात नाही. काल गेला. काकांना नाही म्हणता आलं, पण काल दाजींना म्हणालास ना. मला तेवढं पुरतं.

त्यांना खाली ठेवताना तू आणि मी दोघांनी पातळाची टोकं धरली होती. तुझ्या लक्षात आलं का, मला माहीत नाही. आईचं ते हिरवं पातळ. माझ्या हातून तिचं काहीही झालं नव्हतं, एवढं तरी झालं.

लाह्या टाकल्या. तनिषा म्हणाली, "बाय, जेफ्रीराव. तुम्ही खूप चांगले होतात." एकही चूक नव्हती त्यात, अशी मी खात्री करून घेतली आहे.

मग तू चहा पिताना सांगितलंस की ब्रायनने त्यांना घेतलं तेव्हाच ते म्हातारे होते, ते लवकर जातील अशी आम्हाला धास्ती नको म्हणून तू तरुण सांगितलं होतंस. म्हणजे माझ्या श्रावणाने त्यांचं काही वाईट झालं नाही. हे तू माझं मन राखायला सांगितलंस की खरंच, हे मी विचारणार नाही. व्हेटच्या 'फार'वर अडकलेली मी तेवढ्याने सुटले.

कात तू नेलीस, बरं केलंस. तुझ्या घरमालकाला विचारू नकोस, कातडीला कुणी प्राणी म्हणत नाही.

वरच्या खोलीतलं काचेचं घर धुऊन ठेवलंय. उबेची गादी काढायची राहिली, म्हणजे काढली नाही. आज सकाळी वर जाऊन सवयीने बोलायला सुरुवात केली आणि मग गप्प बसले. हे सगळं आता कुणाला सांगायचं? तेव्हा दर रविवारी मी तुला फोन करणार आहे. मधेच सल्ला देऊ नकोस, एवढं त्यांच्याकडून शिक.

तुझी छत्री बादलीपाशी राहिली. वाळवून दाराशी ठेवली आहे. पोस्टाने पाठवणार नाही.

ताई